‘बायबल खरं, कारण बायबलच तसं म्हणतं’ हे गोल फिरणं आहे का? माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी दोन वर्षांपूर्वी विश्वासात आली. मंडळीत शिकवलं की बायबल हा आपल्या विश्वासाचा पाया, का तर ते देवाचं वचन आहे, कशावरून तर २ तीमथ्य ३:१६ मध्ये तसं लिहिलंय. एक मित्र हसला आणि म्हणाला, हे तर गोल गोल फिरणं झालं, शिवाय कुठली पुस्तकं ठेवायची हे एका सम्राटाने परिषदेत मतदान घेऊन ठरवलं आणि नंतर नकला करणाऱ्यांनी हवं ते घुसडलं. पाळकांना विचारलं तर ते म्हणाले शंका घेऊ नको, प्रार्थना कर. आता वाचायला बसलं की मनच लागत नाही, काय करू?

मित्राचं पहिलं म्हणणं बरोबर आहे, परिषदेचं चुकीचं आहे आणि नकलांचं अर्धवट. पाळकांनी प्रार्थना करायला सांगितलं ते चांगलंच, पण शंका घेऊ नको हे शास्त्राला धरून नाही. बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगात होता तेव्हा त्याने माणसं पाठवून येशूलाच विचारलं ना, की येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची. येशू त्याच्यावर चिडला नाही, जे ऐकता आणि पाहता ते जाऊन योहानाला सांगा म्हणाला. आणि यहूदाच्या त्या एवढ्याशा पत्रातही संशयात असलेल्यांवर दया करा असं आहे. तेव्हा प्रश्न विचारला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

मी तेवीस वर्षं मंडळीत मोठ्यांचा बायबल अभ्यास घेतोय, त्याआधी काही वर्षं तरुण संघात शिकवायचो, आणि हा प्रश्न मला दर वर्षी एकदा तरी येतोच. माझ्या अनुभवात त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक, हे पुस्तक भरवशाचं आहे का. दुसरा, भरवशाचं असलं तरी त्याने माझ्यावर अधिकार का चालवावा. रेल्वेचं टाइमटेबल भरवशाचं असू शकतं, पण मी कसं जगायचं ते टाइमटेबल सांगत नाही. पहिल्या प्रश्नाला इतिहास बऱ्यापैकी उत्तर देतो, दुसऱ्याला नुसता इतिहास पुरत नाही. तुमचं मन लागत नाही ते पहिल्यामुळे की दुसऱ्यामुळे हे मला इथून दिसत नाही. शिवाय ज्या मंडळीत तुम्ही आहात तिथे ‘शास्त्राचा अधिकार’ हे शब्द कशासाठी वापरले जातात यावरही खूप अवलंबून आहे, कारण काही ठिकाणी त्याचा अर्थ निव्वळ ‘मी सांगतो ते ऐका’ एवढाच उरलेला असतो. तसं असेल तर तुमचा वैताग बायबलवरचा नसेलही.

आता माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात छाती ठोकून सांगितलं होतं की बायबलच्या हजारो हस्तलिखितांमध्ये एका शब्दाचाही फरक नाही. कुठे तरी ऐकलं होतं आणि पुढे ढकललं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, स्वतःचं बायबल घेऊन पुढे आला आणि मार्कच्या १६ व्या अध्यायातला ९ ते २० ओव्यांचा कंस आणि त्याखालची तळटीप मला वाचून दाखवली, की सर्वांत जुन्या काही प्रतींत हा भाग नाही. म्हणजे मी ज्या पुस्तकाची बाजू घेत होतो तेच पुस्तक मला खोटं पाडत होतं, तेही प्रामाणिकपणे. त्या दिवशी मला खूप लाज वाटली, पण माझी नंतरची सगळी शिकवण तिथूनच बदलली.

तर गोल फिरण्याबद्दल. २ तीमथ्य ३:१६ हे बायबल देवाचं असल्याचा पुरावा म्हणून वापरलं तर ते खरंच गोल आहे. स्वतःबद्दल असा दावा कुठलंही पुस्तक करू शकतं. आणि एक गंमत बघा, प्रेषित पौल जेव्हा तीमथ्याला पत्रात ते लिहितो तेव्हा नवा करार अजून एकत्र झालेलाच नव्हता, तीमथ्य बालपणापासून जे शास्त्र जाणत होता म्हणून पौल म्हणतो ते म्हणजे आपण ज्याला जुना करार म्हणतो ते. शिवाय तिथला भर कशावर आहे? शिकवायला, दोष दाखवायला, सुधारायला, नीतीचं वळण लावायला उपयोगी, असं आहे. पौल तिथे वाद जिंकायचं साधन देत नाहीये, एका तरुण पाळकाला सांगतोय की हे हातात धर म्हणजे ते तुला घडवेल.

मी वर्गात उलट बाजूने सुरुवात करतो. म्हणतो, देवप्रेरित वगैरे शब्द थोडा वेळ कपाटात ठेवा, ही फक्त जुनी कागदपत्रं आहेत असं धरा. त्यातलं करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या सुमाराचं, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांतलं, आणि पौलाने ते लिहिलं यावर विश्वास नसलेले अभ्यासकसुद्धा सहसा वाद घालत नाहीत. त्याच्या १५ व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक भावांना एकदम, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. दंतकथा तयार करणारा माणूस साक्षीदार जिवंत असल्याचं असं सांगत बसत नाही, असं मला वाटतं. ‘मला वाटतं’ हे मुद्दाम लिहिलंय, कारण हे गणिताचं प्रूफ नाही. साक्ष आहे. कोर्टात जशी साक्ष तोलतात तशी ती तोलायची, आणि तोलून कुठल्या तरी बाजूला उभं राहायचं.

जो माणूस तिथे उभा राहतो, की हो, येशू उठला, त्याच्यापुढे मग पुढचा प्रश्न येतो की या येशूने शास्त्राला कसं वागवलं. रानात परीक्षा झाली तेव्हा तिन्ही वेळा त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन उत्तर म्हणून दिलं. उठल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांना मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरू करून स्वतःविषयीचं उलगडून सांगितलं. माणसांची परंपरा पाळून तुम्ही देवाचं वचन रद्द करता असं तो परुशी आणि शास्त्र्यांना म्हणाला. आणि स्वतःची साक्ष द्यायला त्याने प्रेषित पाठवले, त्यांची आणि त्यांच्या जवळच्यांची साक्ष म्हणजे नवा करार. म्हणजे क्रम असा आहे: साक्षीवरून येशू, आणि येशूवरून शास्त्र. मी येशूला प्रभू म्हणतो म्हणून त्याने ज्याला देवाचं वचन म्हटलं त्यापुढे मी वाकतो. हे गोल नाही, ही एक वाट आहे, आणि ती कुठून सुरू होते ते दाखवता येतं.

‘पाया’ या शब्दावरही नीट बघा. पौल एकीकडे म्हणतो की येशू ख्रिस्त हा घातलेला पाया आहे, त्याच्याशिवाय दुसरा कोणी घालू शकत नाही, आणि इफिसकरांस लिहिताना म्हणतो की तुम्ही प्रेषित आणि संदेष्टे या पायावर रचले गेला आहात, ज्याची कोनशिला ख्रिस्त आहे. दोन्ही खरं आहे. आपल्याला येशूपर्यंत नेणारी खात्रीची वाट ही त्यांची साक्षच, ती काढली तर ‘माझा येशू’ म्हणून जो उरतो तो बहुतेक वेळा माझ्याच तोंडावळ्याचा असतो. पण शास्त्र येशूच्या जागी बसत नाही. योहानाच्या ५ व्या अध्यायात तो स्पष्ट बोलतो, की तुम्ही शास्त्र शोधता, तेच माझ्याविषयी साक्ष देतं, आणि तरी तुम्ही माझ्याकडे यायला तयार नाही. बायबल पाठ असलेली आणि येशूकडे न जाणारी माणसं मी पाहिलीत, काही वर्षं मी स्वतः त्यातलाच होतो.

आता मतदानाची गोष्ट. ती निकायाच्या इ.स. ३२५ च्या परिषदेबद्दल सांगितली जाते. तिथे वाद होता आरियस नावाच्या पाळकाच्या शिकवणीचा, पुत्र म्हणजे येशू हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे की निर्माण केलेला आहे हा. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरीव कबुली, ठरला, ईस्टरच्या तारखेबद्दल निर्णय झाला, वीस नियम झाले, त्यात बायबलमधल्या पुस्तकांची यादी नाहीच. सम्राट कॉन्स्टंटाइन हजर होता हे खरं, पण पुस्तकं त्याने निवडली नाहीत. आज आहेत तीच २७ पुस्तकं असलेली नव्या कराराची सर्वांत जुनी माहीत असलेली यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या ईस्टरपत्रात सापडते. आणि त्याच्याही जवळजवळ दोनशे वर्षं आधी, साधारण १८० च्या सुमाराला, बिशप इरेनियस चारच शुभवर्तमानं धरून बोलतोय. मंडळ्या वाचत होत्या, नकला काढून शेजारच्या मंडळीला देत होत्या, यादी मागाहून आली. काही पुस्तकांवर घासाघीस खरोखर झाली, इब्री, याकोब, २ पेत्र, २ आणि ३ योहान, यहूदा, प्रकटीकरण यांना सगळीकडे एकदम मान्यता मिळाली नाही, हे लपवायचं काही कारण नाही. जुन्या करारात तर आजही फरक आहे, प्रॉटेस्टंट बायबलात एकूण ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३, ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत त्याहून जास्त. शास्त्र आणि मंडळीची परंपरा यांचं नातं काय यावरही या मंडळ्यांचं एकमत नाही. मी प्रॉटेस्टंट आहे, म्हणून मी म्हणेन की मंडळीने या पुस्तकांना अधिकार दिला नाही, तो ओळखला. कॅथलिक मित्र म्हणेल, ओळखणारी मंडळी विश्वासार्ह नसती तर तुझ्या हातात यादी कुठून आली असती. त्याच्या बोलण्यात वजन आहे, मी ते उडवून लावत नाही.

नकलांबद्दल लांबण लावत नाही. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत, त्यात फरक भरपूर आहेत, बहुतेक स्पेलिंग, शब्दांचा क्रम, गळलेली ओळ असले. मोठे दोनच, मार्कचा शेवट आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, आणि दोन्हींवर तुमच्या बायबलात कंस किंवा टीप बहुधा असेलच. १ योहान ५:७ मधलं त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा एक असल्याचं वाक्य तर मागाहून आलेलं आहे, म्हणून आजच्या बहुतेक भाषांतरांतून ते काढून टाकलंय. जुन्या कराराचं म्हणाल तर १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत यशयाची जी गुंडाळी मिळाली ती तोपर्यंत हाताशी असलेल्या इब्री प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षांनी जुनी निघाली. फरक आहेत, ५३:११ मध्ये ‘प्रकाश’ हा एक शब्द जास्त आहे वगैरे, पण पुस्तक तेच आहे. कुणी गुपचूप काही घुसडून पचवलं असं म्हणायचं तर इतक्या ठिकाणी विखुरलेल्या इतक्या प्रती एकाच वेळी बदलायला हव्या होत्या, ते कोणाला जमणार होतं?

इथपर्यंतचं सगळं पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे भरवशाचं. खरं सांगायचं तर यात माणूस अडकतो कमी. अडकतो दुसऱ्यात.

यिर्मयाचा ३६ वा अध्याय काढा. हिवाळा आहे, यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसलाय, यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून ऐकून बारूखने लिहिलेला पट, म्हणजे गुंडाळी, त्याला वाचून दाखवला जातोय. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा लेखनिकाचा चाकू घेतो, तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. पुन्हा वाचन, पुन्हा चाकू. पट संपेपर्यंत. हा राजा पुस्तक खोटं आहे असं म्हणत नाहीये, त्याने कसलीही चिकित्सा केली नाही, त्याला ते ऐकायचं नाहीये एवढंच. ‘अधिकार’ म्हणजे काय हे मला सांगायचं असतं तेव्हा मी व्याख्या देत नाही, हा अध्याय वाचतो आणि विचारतो, चाकू कोणाच्या हातात आहे.

हा चाकू पुढे पुष्कळांच्या हातात गेला. दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या शिक्षकाने जुना करार सगळाच टाकला आणि लूक आणि पौलाची दहा पत्रं छाटून ठेवली. १८२० च्या सुमाराला अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी शुभवर्तमानांतले उतारे खरोखर पात्याने कापून चिकटवले, शिकवण ठेवली, चमत्कार वगळले, शेवट कबरेवर धोंडा लोटण्यापाशी. पण मला सगळ्यात हलवून जातो तो १८०७ चा प्रकार. लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक आवृत्ती छापली गेली, तिच्यातून इस्राएल लोकांच्या मिसर देशातल्या दास्यातून सुटकेचा भाग काढला, ख्रिस्तामध्ये दास नाही आणि स्वतंत्र नाही हे गलतीकरांस पत्रातलं वचन काढलं, आणि दासांनो आपल्या धन्यांची आज्ञा पाळा हे ठेवलं. जुन्या कराराचा तर जवळजवळ नव्वद टक्के भाग गेला. बायबलने गुलामगिरी टिकवली असं कुणी म्हणालं तर मी मान खाली घालतो, कारण बायबल हातात धरून लोकांनी तिचं समर्थन केलंच. पण मग हेही बघा, की गुलामांच्या हातात पूर्ण बायबल द्यायची त्यांना भीती का वाटली? कापावं का लागलं? पुस्तक त्यांच्याही विरुद्ध बोलत होतं म्हणून.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचंही सांगतो, कारण तो शास्त्राच्या अधिकारासाठी सम्राटापुढे उभा राहिलेला माणूस. याकोबाचं पत्र त्याला पटेना, गवताचं पत्र म्हणाला, १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात ते मागे नेऊन ठेवलं. पण काढून टाकलं नाही. छापलं, भाषांतर केलं, लोकांच्या हातात दिलं. मला न पटणारं पुस्तक माझ्या बायबलात राहू देणं, हाही अधिकार मानण्याचाच एक प्रकार आहे, कदाचित सगळ्यात प्रामाणिक.

आणि आपण? आपण चाकू नाही चालवत, आपण हायलायटर चालवतो. यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे स्टेटसला असतं, पण त्याच्या आदल्याच ओवीत बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढायची आहेत हे कोणी ठेवत नाही, आणि सत्तर वर्षं म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेचसे तिथेच मरणार. मीही यातून सुटलो नाही. एका आईचा तरुण मुलगा गेला होता, मी भेटायला गेलो आणि बसल्या बसल्या रोमकरांस ८:२८ म्हणून दाखवलं, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं. वचन खरं आहे. पण त्याच पत्रात चारच अध्याय पुढे शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असं लिहिलंय, ते मी त्या दिवशी कापून टाकलं होतं. ती बाई काही बोलली नाही, आत निघून गेली.

म्हणून कोणी तुमच्यावर वचन फेकलं की एवढंच बघा, त्या वचनाने फेकणाऱ्याला स्वतःला कधी अडवलंय का. रानात सैतानानेही शास्त्रच म्हणून दाखवलं होतं, स्तोत्र ९१, शब्द बरोबर होते. येशूने त्याला शास्त्र खोटं असं म्हटलं नाही, असंही लिहिलेलं आहे म्हणाला. एका वचनाला दुसऱ्या वचनापुढे उभं करायचं, हे तिथून शिकायचं. आणि अधिकार शास्त्राचा, पाळकाचा नाही. पौलाने पेत्राला अंत्युखियात तोंडावर अडवलं ते सुवार्तेच्या सत्याला धरून तो नीट चालत नव्हता म्हणून. बिरुया शहरातल्या लोकांनी तर पौलाचंच बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहिलं, आणि लूक त्यांना त्यासाठी मोठ्या मनाचे म्हणतो.

यापुढचं मी पटवून देऊ शकत नाही. इतिहास, प्रती, लॉजिक हे सगळं दारापर्यंत आणतं. हे बोलणं देवाचं आहे आणि माझ्याशी आहे, ही खात्री आतून येते, ती पवित्र आत्म्याचं काम आहे असं सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन म्हणायचा आणि मी तेच मानतो. कुणाला ती पहिल्या महिन्यात येते, कुणाला दहा वर्षांनी, आणि एकदा आलेली काही दिवस विझल्यासारखीही होते. त्याचं वेळापत्रक माझ्याकडे नाही.

आता काय करायचं. मित्राशी वाद घालत बसू नका, पहिला मुद्दा बरोबर आहे म्हणून सरळ मान्य करा, त्याला बरं वाटेल आणि तुम्हालाही. रोजची सुटी वचनं वाचणं काही आठवडे बंद ठेवा. त्याऐवजी मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा, दीड तास लागेल, फोन दुसऱ्या खोलीत. खुणा करू नका, हायलायटर तर अजिबात नको. जिथे राग येईल किंवा हे काही पटत नाही असं वाटेल तेवढ्याच जागा एका कागदावर लिहा, कारण आवडलेल्या जागा तुम्हाला तशाही लक्षात राहतील. मग तो कागद घेऊन दोघा-तिघांबरोबर बसा, एकट्याने नको, प्रेषितांच्या कृत्यांत शास्त्र वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यालाही ते समजून घ्यायला रथात फिलिप्पाला जवळ बसवून घ्यावं लागलं होतं. भाषांतर कुठलंही चालेल, फक्त तळटिपा असलेलं घ्या. पाळकांकडे पुन्हा जाल तेव्हा ‘हे खरं कशावरून’ असं विचारण्यापेक्षा ‘या वचनाने तुम्हाला स्वतःला शेवटचं कधी अडवलं’ असं विचारून बघा, माणूस चांगला असेल तर गप्पा लांबतील.

मार्क १६:८ ला पोचलात की तिथेच थांबा, कंसातला भाग लगेच वाचू नका. बायका कबरेतून पळाल्यात, थरथरतायत, भीतीने कोणाला काही सांगत नाहीत, आणि सर्वांत जुन्या प्रती तिथेच संपतात. तिथे तुम्हाला काय वाटलं ते इथेच खाली लिहा, मी रविवार सोडून रोज रात्री बघतो.